एकच डोकं, तीन मशीनं

सुभेदारांनी माझा गळा धरला तेव्हा त्यांच्या मेंदूचं चित्र नुकतंच पूर्ण झालं होतं. मशीनचा आवाज थांबला, मी आत गेले, टेबल बाहेर ओढलं, डोक्याभोवतीचा पिंजरा उचलला आणि "झालं हां, आबा," म्हणाले. पुढचा शब्द तोंडातून निघाला नाही. त्यांचा उजवा हात वर आला आणि अंगठा थेट माझ्या कंठावर बसला. माणूस सत्तरीला टेकलेला, पण पकड अशी की माझ्या टाचा फरशीवरून सुटल्या. त्यांचे डोळे मला अजून आठवतात. शेतात एखादा माणूस मन लावून काम करत असतो, तसे शांत होते ते.

त्यांची बायको टेबलाच्या पायथ्याशी उभी होती. मशीनच्या खोलीत धातू चालत नाही म्हणून मीच त्यांना बाहेर मंगळसूत्र, कुड्या, जोडवी, अंबाड्यातले आकडे सगळं काढायला लावलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. पुढं आल्या आणि त्यांनी आपला चेहरा माझ्या आणि सुभेदारांच्या मधे घातला. सुभेदारांनी मला सोडलं आणि त्यांना मारलं. एक ठोसा कानावर, एक तोंडावर. तिसरा उचलला तेव्हा त्यांनी तो हात दोन्ही हातांनी पकडला, छातीशी दाबून धरला आणि म्हणाल्या, "झालं. झालं आता. समदी गेली."

सुभेदार गप्प पडले. त्यांच्या बायकोच्या, मावशींच्या, खालच्या ओठातून रक्त हनुवटीवर उतरत होतं. त्या मला म्हणाल्या, "तुमी भाईर जावा, बाई. मला सवय हाय."

मी कराडच्या एका रुग्णालयात एमआरआय मशीन चालवते. राहते शेजारीच, मलकापुरात. त्या वर्षी आमच्याकडं एक अभ्यास सुरू झाला होता, डिमेन्शियाचा. गावाकडं त्याला म्हातारचळ म्हणून सोडून देतात. शेतकरी घरांतल्या, साठी ओलांडलेल्या माणसांचा मेंदू दर वर्षी किती आक्रसतो, हे त्यात मोजायचं होतं. सातारा, कराड आणि सांगली अशी तीन केंद्रं होती. तिन्हीकडची मशीनं वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या वयांची. एकच उसाची गाडी तीन काट्यांवर घातली तर वजन तीन तऱ्हेचं भरेल, तसंच मेंदूचंही होतं. म्हणून आम्हाला एक जाडजूड नियमावली दिली होती. डोकं कसं ठेवायचं, कपाळावर पट्टा कुठं, चित्र किती बारीक कापांचं, कोणत्या क्रमानं. तिन्ही गावांत सगळं सारखं झालं पाहिजे, नाहीतर मोजमाप वाया.

दर चित्रानंतर एक फॉर्म भरायचा. त्यात एक ओळ होती, 'रुग्णाची हालचाल', आणि पुढं तीन चौकटी, नाही, थोडी, खूप. 'खूप' असेल तर चित्र पुन्हा घ्यायचं.

सुभेदार हलले होते. शेवटची तीनेक मिनिटं मला काचेतून त्यांचे पाय थरथरताना दिसत होते. मशीन ठोके देतं तेव्हा आतल्या माणसाला बंदुकीच्या फैरी झडल्यासारखं वाटतं. फौजेत उमर घालवलेल्या माणसाला काय वाटलं असेल, त्याचा मी विचार केला नव्हता. पडद्यावर चित्र आलं तेव्हा कपाळाच्या मागच्या भागात, विहिरीत दगड टाकल्यावर उठतात तसे बारीक तरंग होते. पुन्हा घ्यायला हवं होतं.

मी स्वच्छतागृहात जाऊन आरशात गळा पाहिला. अंगठ्याचा ठसा जांभळा होऊ लागला होता. परत आले, खुर्चीत बसले आणि 'नाही' या चौकटीत खूण केली. खूण चौकटीबाहेर गेली, ती तशीच राहू दिली. मला तो माणूस पुन्हा त्या टेबलावर नको होता. एवढंच कारण.

त्यांचं गाव नदीपलीकडं, तासगावच्या रस्त्यानं आत. घरचा ऊस, दोन म्हशी, ट्रॅक्टर. एकुलता मुलगा शेती बघायचा, वय अडतीस-चाळीस, अंगानं बापासारखाच. अभ्यासातल्या माणसांना दर तीन महिन्यांनी स्मरणाचे प्रश्न विचारायला बोलवायचे. डॉक्टर सुभेदारांना आत घेऊन जायच्या आणि मावशी माझ्याजवळ बाकावर बसायच्या. मीच त्यांना चहा आणून द्यायचे. पहिल्या दिवसाची मला लाज वाटत होती आणि त्यांना बोलायला कुणीतरी हवं होतं.

त्या प्रत्येक वेळी अंगावर काहीतरी नवं घेऊन यायच्या. एकदा करंगळी वाकडी होती, बांधलेली.

"चावलं," त्या म्हणाल्या. "ताट ठिवाय गेले तर म्हंले, इख घातलंस. आन चावलं."

पुढच्या खेपेला डोक्यावरचा पदर जरा सरकला आणि कानामागं केस उपटल्याची रुपयाएवढी जागा दिसली. त्याच्या पुढच्या खेपेला त्या रेडकाचं सांगत होत्या. सकाळी म्हशीचं रेडकू दावं तोडून परसात आलं. सुभेदारांनी त्याला कोण म्हणून बघितलं कुणास ठाऊक. भिंतीला टेकवलेली पहार उचलली आणि त्याच्या डोक्यात घातली. रेडकू पहिल्याच घावाला बसलं. ते मारत राहिले. मुलगा रानातून पळत आला तोवर ओळखायला काही शिल्लक नव्हतं. सुभेदारांनी पहार खांद्याला लावून मुलाला सलाम केला आणि सांगितलं, रस्ता मोकळा आहे.

"म्हस चार दिस वरडत हुती," मावशी म्हणाल्या. "दूध न्हाई दिलं तिनं."

"मावशी, त्यांना घरी ठेवणं धोक्याचं आहे," मी म्हणाले.

"मग कुटं ठिवू?"

मी त्यांचा रिकामा कप उचलून नेला.

वर्ष झालं आणि दुसऱ्या चित्राची वेळ आली तेव्हा आमचं मशीन बंद पडलं होतं. चुंबक थंड ठेवणारा वायू गळत होता आणि दुरुस्तीला माणसं यायला वेळ लागणार होता. आमच्या यादीतली सगळी माणसं सांगलीला पाठवली. तिथला तंत्रज्ञ माझ्यापेक्षा वयानं लहान, पण डोक्यानं थंड. त्यानं सुभेदारांना आधी मशीनचा आवाज मोबाइलवर ऐकवला, दोनदा. मग मावशींना सुभेदारांचा पाय धरून शेजारी उभं राहायला सांगितलं. सुभेदार एकदाही हलले नाहीत. चित्र आरशासारखं स्वच्छ आलं.

दोन्ही चित्रं संगणकानं मोजली. स्मरणाशी संबंधित मेंदूचा भाग वर्षापूर्वीपेक्षा कमी झालेला नव्हता. उलट जरासा जास्तच भरत होता.

आमच्या मुख्य डॉक्टर साताऱ्याच्या, वयस्क बाई, शब्द तोलून बोलणाऱ्या. त्यांनी मायलेकांना बोलावून सांगितलं, "मेंदू आक्रसण्याचा वेग काही दिसत नाही. विसरण्याचा आजार आहे असं आज तरी म्हणता येणार नाही. राग का येतो ते मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवूया."

मुलगा खाली बघत होता. त्यानं विचारलं, "म्हंजी डोकं ठीक हाय त्येंचं?"

"ठीक आहे असं नाही म्हटलं मी. दुखणं वाढलेलं दिसत नाही म्हटलं."

"व्हय, म्हंजी तेच की," तो म्हणाला.

मी दाराशी उभी होते. त्याच्या मानेवरची शीर ताठलेली मला दिसली. मी पुढच्या माणसाची फाइल काढली. डॉक्टरही पुढच्या माणसाकडं वळल्या.

दोनेक महिन्यांनी दुपारी अपघात विभागातून एक्स-रेला माणूस आला, तेव्हा मी तिथंच होते. स्ट्रेचरवर सुभेदार होते. डावा हात कोपराखाली जिथं वाकायला नको तिथं वाकला होता. एक डोळा सुजून पार मिटला होता. श्वास घेताना ते कण्हत होते. दोन बरगड्या मोडल्याचं नंतर कळलं. स्ट्रेचर मुलगाच ढकलत होता. त्याचा शर्ट पुढून भिजलेला आणि बाह्यांवर रक्त.

"काय झालं?" मी विचारलं.

"म्या मारलं," तो म्हणाला.

मागून मावशी आल्या. केस ओले, पाठीला चिकटलेले, लुगड्यातून पाणी ठिबकत होतं. "पडले," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "हौदावरनं पाय घसरून पडले." मग पोलीस आले तेव्हाही त्यांनी तेच सांगितलं. मुलानं मान वर केली नाही.

पोलीस गेल्यावर तो भिंतीला टेकून खाली बसला. मी त्याला पाणी दिलं. तो ते प्यायला नाही, ग्लास हातात धरून बोलत राहिला.

"म्हशीच्या हौदात आयचं तोंड दाबलं हुतं त्येनी. मी गोठ्यात आलो तर आयचे पाय हालत हुते निस्ते. कुदळीचा दांडा हुता तितं. घातला हातावर. हाड मोडलेलं आयकलं मी. आय सुटली. ताई, तितं थांबाय पायजे हुतं. न्हाई थांबलो. पडल्याव बी मारलं. मारताना मी म्हणत हुतो, डोकं ठीक हाय तुमचं, मशीननं सांगितलंय, डोकं ठीक हाय. जलमभर आयला मारलं, आता बी जाणून मारताय."

त्यानं ग्लास फरशीवर ठेवला. "त्येनी मला सायब म्हंले. सायब, मारू नका, म्हंले."

मी त्या संध्याकाळी घरी जायच्या आधी पहिलं चित्र उघडलं. तरंग होते तिथंच होते. माणूस हलला की चित्रातल्या मेंदूच्या कडा पुसट होतात आणि संगणक त्या पुसट कडा मोजत नाही. मेंदू आहे त्यापेक्षा लहान भरतो. हे मला प्रशिक्षणातच शिकवलं होतं, मला ते नव्यानं कळलं नाही. सुभेदारांचा पहिल्या वर्षीचा मेंदू मुळात मोठा होता, माझ्या हललेल्या चित्रामुळं तो लहान भरला. वर्षभरात तो खरोखर आक्रसला आणि सांगलीच्या स्वच्छ चित्रात बरोबर मोजला गेला. दोन आकडे शेजारी ठेवले तर वाटणार, काहीच झालं नाही.

मी संगणक बंद केला. कुणाला सांगितलं नाही. पुढचे तीन आठवडे रोज ठरवायचे की आज सांगू, आणि रोज गाडीवरून घरी यायचे. नवऱ्यानं विचारलं, तब्येत बरी नाही का. एकदा भाकरी थापताना तवा उचलून भिंतीवर फेकला. भाकरी, पीठ, सगळं खाली. मुलगी दारात उभी राहून बघत होती. तिचा चेहरा पाहून मी घाबरले, कारण तो चेहरा मला ओळखीचा होता. माझ्या लहानपणी मी अशीच दारात उभी राहायचे.

दरम्यान डॉक्टरांच्याही काहीतरी लक्षात आलं होतं. सांगलीला गेलेल्या आमच्या यादीतल्या आणखी काही माणसांचे मेंदू वर्षभरात वाढलेले दिसत होते. म्हाताऱ्या माणसाचा मेंदू वाढत नाही. म्हणजे सांगलीचं मशीन आमच्यापेक्षा जास्त भरत होतं. किती जास्त, ते काढायला हवं होतं. आधी एक प्लास्टिकचा गोळा, ज्यात ठरावीक द्रव भरलेला असतो, तो तिन्ही गावांत फिरवला. मग डॉक्टर म्हणाल्या की गोळ्यानं भागणार नाही, जिवंत डोकी पाहिजेत. तीच डोकी थोड्याच दिवसांत तिन्ही मशीनांत घालायची आणि फरक मोजायचा. कर्मचाऱ्यांपैकी कोण येतंय?

मी हात वर केला.

आमचं मशीन तोवर दुरुस्त झालं होतं. पहिल्यांदा कराडला, माझ्याच टेबलावर पडले. वीस वर्षं मी लोकांना आत ढकलत आले, पण स्वतः कधी गेले नव्हते. पिंजरा तोंडावर आला, पट्टा आवळला आणि छप्पर नाकाच्या टोकाशी आलं. ठोके सुरू झाले तेव्हा माझं काळीज इतकं जोरात धडधडलं की ते आवाजात मिसळून गेलं. दहाव्या मिनिटाला मला बाहेर यायचं होतं. कुणी समोर असतं तर मी त्याला ओरबाडलं असतं. हातातला फुगा दाबला की सुटका होते, हे मीच शेकडो लोकांना सांगितलंय. मी तो दाबला नाही. दात आवळून पडून राहिले आणि डोळ्यांतून पाणी कानात जात राहिलं.

पुढच्या दोन दिवसांत सातारा आणि सांगली झालं. सांगलीच्या त्या तंत्रज्ञानं मला बाहेर काढल्यावर विचारलं, "ताई, रडताय?"

"आवाज फार आहे तुझ्या मशीनचा," मी म्हणाले.

आकडे आले. माझा मेंदू कराडपेक्षा सांगलीत जरा मोठा भरला. बाकीच्यांचाही तेवढाच. डॉक्टर खूश झाल्या, कारण फरक सगळ्यांत सारखा होता आणि तेवढा वजा केला की हिशेब जुळत होता. त्यांनी आमच्या समोरच एकेका माणसाचे आकडे सुधारायला घेतले. जुळले, जुळले, जुळले. मग सुभेदारांचा आकडा आला. मशीनचा फरक वजा केला तरी वर्षभरातली घट अगदी किरकोळ दिसत होती.

"हा माणूस घरात ज्या तऱ्हेनं वागतोय, त्याला हे शोभत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "इथं काहीतरी वेगळंच आहे."

खोलीत पाच माणसं होती. मी गप्प बसले असते तर प्रकरण तिथंच मिटलं असतं.

"पहिलं चित्र खराब आहे," मी म्हणाले. "ते हलले होते. मी फॉर्मवर 'नाही' लिहिलं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "चुकून?"

"नाही. मला त्यांना पुन्हा आत घ्यायची भीती वाटली. त्यांनी माझा गळा धरला होता."

"हे तू त्या दिवशी का नाही सांगितलंस? मी तुला कामावरून काढलं असतं का?" त्यांचा आवाज चढत गेला. "मी त्या पोराला समोर बसवून सांगितलं, आजार वाढलेला नाही. माझ्या तोंडानं! त्यानं बापाचा हात मोडला, सगळ्या दवाखान्याला ठाऊक आहे. कळतंय का तुला?" हातातली फाइल त्यांनी टेबलावर इतक्या जोरात आपटली की कप उडून फुटला. मग त्या खाली वाकून स्वतःच काचा गोळा करू लागल्या आणि बोट कापून घेतलं. कुणी पुढं झालं नाही. मीही नाही.

मला लेखी जबाब द्यावा लागला. सहा महिने अभ्यासाच्या कामातून बाजूला केलं. सुभेदारांचं ते चित्र रद्द झालं आणि हात जुळून आल्यावर त्यांना पुन्हा आणलं. त्यांचं हे चित्र कराडच्या मशीनवर झालं, फक्त मी त्या खोलीत नव्हते. सांगलीच्या चित्रातून मशीनचा फरक वजा करून शेजारी ठेवलं तेव्हा घट स्पष्ट होती. फक्त स्मरणाचा भाग नव्हे, कपाळामागचा, माणसाला आवर घालणारा भागही झपाट्यानं जात होता. तेव्हापासून तिन्ही केंद्रांत नियम झाला की रुग्ण टेबलावरून उतरायच्या आधी चित्र दुसऱ्या माणसानं बघायचं आणि हालचालीची खूण त्यानं करायची.

घरी जाऊन सांगायचं डॉक्टरांनी ठरवलं. मी म्हणाले, मी येते. त्यांनी गाडीचं दार उघडं ठेवलं.

मुलगा अंगणात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा खिळा बसवत होता. डॉक्टरांनी आजाराचं सांगितलं. माझी चूक मी सांगितली, माझ्या तोंडानं, काही न लपवता. तो ऐकत राहिला. मग हातातला हातोडा त्यानं ट्रॉलीच्या पत्र्यावर मारला. पुन्हा मारला. पत्र्याला खड्डे पडत होते आणि कोंबड्या उडून पळाल्या. मारता मारता तो माझ्याकडं वळला आणि हातोडा तसाच वर. डॉक्टर किंचाळल्या. मी हलले नाही. धाडस नव्हतं ते.

"म्या बापाला मारलं," तो म्हणाला. "तुमच्या एका रेघंपायी म्या बापाला मारलं."

"हो," मी म्हणाले.

त्यानं हातोडा टाकला आणि गोठ्यात जाऊन बसला. आतून त्याच्या हुंदक्यांचा आवाज येत होता.

मावशी ओट्यावर होत्या. सुभेदार त्यांच्या शेजारी, जुळलेला हात मांडीवर, उन्हाकडं बघत. मावशींनी सगळं ऐकलं होतं. मला हातानं जवळ बोलावलं.

"बाई, ह्यो आजार कवापासनं हाय त्येंला?"

"चार-पाच वर्षं असेल. नक्की नाही सांगता येत."

"लगीन झाल्यापासनं मारत्यात मला. सुट्टीवर आलं की गावाला आनंद व्हायचा. मी दिस मोजायची, कवा जात्यात म्हणून. त्यातलं आजाराचं किती आन त्येंचं किती, ते दिसतं का मशीनमदी?"

"नाही, मावशी. मागचं नाही दिसत."

"ऱ्हाऊ द्या मग," त्या म्हणाल्या.

त्यानंतर औषधं बदलली आणि सुभेदारांचा जोर हळूहळू ओसरला. मी अभ्यासात परतले तेव्हा आम्हाला आजार नसलेली त्याच वयाची माणसं हवी होती, तुलना करायला. मावशींनी आपणहून नाव दिलं. त्यांना तिन्ही मशीनांत घालायचं ठरलं. कराडला मीच त्यांना आत घेतलं. वीस वर्षांत इतकं स्थिर माणूस मी त्या टेबलावर पाहिलेलं नाही. श्वासाची हालचाल तेवढी दिसत होती.

चित्र पडद्यावर आलं आणि माझ्या शेजारी बसलेला सहकारी म्हणाला, "हे काय?"

कपाळाच्या खाली, डाव्या भुवईच्या मागं, मेंदूचा एक तुकडा वाळून गेलेला होता. आजूबाजूला रक्ताचा जुना डाग. मार लागल्याची खूण, फार जुनी. सातारा आणि सांगलीची चित्रं आली तेव्हा तिथंही तोच डाग, त्याच जागी. फरक वजा केल्यावर आकारही तिन्हीकडं एकच. मशीनांमधलं भांडण मिटवायला आम्ही दोन वर्षं घालवली होती, आणि त्या दिवशी तिन्ही मशीनांनी एकमतानं हे दाखवलं.

डॉक्टरांनी मावशींना आणि मुलाला बोलावलं, त्या जागेचं आणखी एक चित्र घ्यायला लावलं आणि मग विचारलं. "मावशी, डोक्याला कधी मोठा मार लागला होता का?"

मावशींनी मुलाकडं पाहिलं. मग बोलल्या.

"ह्यो तीन वर्साचा हुता. हे सुट्टीवर आलेवते. कालवणात मीठ जास्त झालं म्हणून केस धरून जात्याव आपटलं मला. दोन दिस सुद नव्हती. माळ्यावरनं पडले म्हणून सांगितलं समद्यास्नी. तवापासनं मला वास येत न्हाई. कशाचाच. भाकरी करपली तरी कळत न्हाई, ह्येला इचारा."

मुलगा आईकडं बघत राहिला. "आय, तू म्हणायचीस सर्दी हाय."

"व्हय. म्हणायची."

डॉक्टरांनी हळूच सांगितलं की वास कळणारे धागे तिथंच असतात आणि डाग त्याच मारामुळं पडलेला असणार. मावशींनी मला पडद्यावर ती जागा दाखवायला लावली. बोट टेकवून पाहिली.

"तवा तर त्येंला आजार नव्हता?" त्यांनी विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तेव्हा नव्हता."

"मग ही खूण त्येंची."

त्यांनी पडद्यावरचं बोट काढलं. मग पदर नीट केला, जोडवी घालायला खाली वाकल्या. मुलगा पुढं झाला आणि त्यानं ती त्यांच्या पायात घातली. मावशी पायाकडं न बघता म्हणाल्या, "चल. त्येंची दवा द्यायची येळ झाली."

सुभेदार त्यानंतर वर्षभर जगले आणि छातीत कफ साचून गेले. शेवटपर्यंत मुलानंच त्यांना आंघोळ घातली, भरवलं. एकदा भरवताना त्यांनी त्याचा अंगठा हाडापर्यंत चावला. टाके घालायला मायलेक आमच्याकडंच आले होते. टाके घालून होईपर्यंत मुलगा आत होता आणि मावशी माझ्याजवळ बाकावर.

"हात न्हाई उचलला त्यानं," त्या म्हणाल्या. "म्या दारातनं बघत हुते. उचलला आसता तरी म्या काय बोलले नसते, बाई. खरं सांगते."